मनगट मोडलं तेव्हा कुणी का नाही विचारलं?

ऑक्टोबरमध्ये आमच्या विरार पश्चिमेच्या सोसायटीत मोफत 'बोन डेन्सिटी कॅम्प' झाला. २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन, त्यामुळे या महिन्यात असे कॅम्प गल्लोगल्ली उगवतात. क्लब हाऊसमध्ये दोन टेबलं आणि पाय ठेवायला एक छोटं मशीन होतं. टाचेला जेल लावायचं, पाय आत सरकवायचा, मिनिटाभरात कागदावर आकडा येतो. आकड्यानुसार चिठ्ठी मिळते: हिरवी, पिवळी किंवा लाल.

मी अठ्ठावीस वर्षांची. माझा आकडा आला उणे १.४. पिवळी चिठ्ठी, 'ऑस्टिओपेनिया'. आई सत्तावन्न वर्षांची. तिचा आला उणे ०.८. हिरवी चिठ्ठी, 'नॉर्मल'. "बघ," आई म्हणाली, "लॅपटॉपपुढे बसून बसून तुझी हाडं झिजली." टेबलामागच्या मुलाने मला तीन महिन्यांच्या कॅल्शियमचा पॅक दाखवला, 'आजच्यापुरता' सवलतीत. आईने रजिस्टरवर सही केली आणि आम्ही घरी आलो.

आईने सही केली तो हात उजवा. त्या हाताचं मनगट थोडं वाकडं आहे. चार वर्षांपूर्वी मोडलं होतं. सही करताना ते त्या मुलाच्या नाकासमोर होतं. त्याने काही विचारलं नाही. मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर घालणाऱ्यांनीही काही विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हाडांची खरी स्क्रीनिंग टाच मोजून सुरू होत नाही. ती एका प्रश्नाने सुरू होते: पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर साध्या पडण्याने हाड मोडलंय का? हा प्रश्न फुकट आहे, त्याला मशीन लागत नाही. तो कुणी विचारत नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही.

आकडा काय सांगतो, काय नाही

आधी ती पिवळी चिठ्ठी समजून घेऊ.

चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे टी-स्कोअर. तरुण, निरोगी माणसांच्या हाडांची सरासरी घनता घ्यायची आणि तुम्ही तिच्यापासून किती प्रमाण-विचलन दूर आहात ते मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली रेषा आखल्या. उणे १ च्या वर नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस.

बारावीचं स्टॅटिस्टिक्स आठवत असेल, तर इथे एक गोष्ट खटकेल. प्रमाण वितरणात सरासरीपेक्षा एक प्रमाण-विचलन खाली किती जण असतात? सुमारे १६ टक्के. म्हणजे पूर्ण निरोगी अशा शंभर तरुण मुली रांगेत उभ्या केल्या, तरी व्याख्येनुसारच त्यांतल्या सोळा जणींना पिवळी चिठ्ठी मिळणार. त्यांच्या हाडांना काही झालेलं नाही. शंभर जणांची उंची मोजली की काही जण बुटके निघतात, तसंच हे. म्हणूनच पाळी चालू असलेल्या बाईसाठी टी-स्कोअर वापरायचाच नाही, तिच्या वयाच्या बायकांशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. माझी पिवळी चिठ्ठी हा रोग नव्हताच. तो व्याख्येतला हिशोब होता आणि त्या हिशोबाच्या शेवटी एक डबा होता.

दुसरी गोष्ट मशीनची. १९९४ च्या त्या रेषा आखल्या गेल्या डेक्सासारख्या क्ष-किरण तपासणीसाठी. डेक्सात तुम्ही टेबलावर झोपता, दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून जातात आणि हाडातलं खनिज किती ते मोजलं जातं. दहा-पंधरा मिनिटं लागतात, किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कॅम्पमधलं मशीन अल्ट्रासाऊंडचं. ते टाचेतून ध्वनिलहरी पाठवतं आणि त्या किती वेगाने जातात, किती विरतात ते बघतं. हे मशीन निरुपयोगी नाही. वयस्कर बायकांमध्ये पुढच्या फ्रॅक्चरच्या जोखमीचा अंदाज त्यातून येऊ शकतो. पण प्रत्येक कंपनीच्या मशीनचं मोजमाप वेगळं असतं. टाचेच्या आकड्याला १९९४ च्या रेषा लावून 'नॉर्मल' किंवा 'ऑस्टिओपोरोसिस' असं निदान करता येत नाही. आमच्या क्लब हाऊसमध्ये नेमकं तेच चाललं होतं.

माझ्या पिवळ्या चिठ्ठीने फार तर माझे पैसे गेले असते. धोकादायक होती ती आईची हिरवी.

उभ्याने पडणं

आईचं मनगट मोडलं घरातच. लादी ओली होती, ओट्याकडून वळताना पाय सरकला, तिने हात टेकला. बस. जिन्यावरून गडगडली नाही, स्कूटरवरून पडली नाही. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडलं, तर वैद्यकशास्त्र त्याला वेगळं नाव देतं: फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर, ठिसूळपणाचं फ्रॅक्चर. धडधाकट हाड एवढ्याने सहसा मोडत नाही. मोडलं, तर ते हाडाने स्वतः दिलेलं निदान समजायचं.

ज्या दवाखान्यात नेलं तिथलं काम चोख होतं. एक्स-रे झाला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, व्यायाम दाखवले. बिलात बँडेजचीसुद्धा नोंद होती. पण "पाळी कधी गेली?" कुणी विचारलं नाही. "तुमच्या आईचं किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?" नाही. "डेक्सा करून घ्या" असं कागदावर कुठेही नव्हतं. मोडलेलं हाड दुरुस्त झालं. ते का मोडलं, हा प्रश्न कुणाच्याच खात्यात नव्हता.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही. हाडांचे डॉक्टर हाड जोडतात. पाळी गेल्यानंतरचं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, गोळ्या फिजिशियनकडे. या तिघांच्या मधल्या फटीतून आई निसटते. जगभर ती अशीच निसटते, म्हणून काही ठिकाणी ती फट बुजवण्यासाठी एक माणूस नेमला गेला. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली. फ्रॅक्चर घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाचं नाव एका नर्सकडे जातं, ती त्यांना गाठते, हाडांची तपासणी आणि उपचार होतील हे बघते. यात नवं मशीन नाही, नवा शोध नाही. एक रजिस्टर आणि एक जबाबदार माणूस, एवढंच.

एकदा असं फ्रॅक्चर झालं की पुढच्या फ्रॅक्चरची जोखीम जवळपास दुप्पट होते. बऱ्याच बायकांत क्रम ठरलेला दिसतो: पन्नाशी-साठीत मनगट, मग मणका, सत्तरीनंतर खुबा. त्यातला मणका तर गुपचूप मोडतो. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर्स 'कंबरदुखी' म्हणून बाम लावून निभावली जातात. उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि आपण म्हणतो, "वय झालं."

आजी

माझी आजी, आईची आई, आगाशीची. वाडीत केळी आणि पानवेल. ती आयुष्यभर उन्हात राबली, डोक्यावर भारे वाहिले. ताटात अर्नाळ्याचा जवळा, सुके बोंबील, मांदेली काट्यासकट. ऊन, कष्ट, कॅल्शियम, म्हणजे कॅम्पचं पत्रक जे जे सांगतं ते सगळं तिच्याकडे होतं. एक्याऐंशीव्या वर्षी न्हाणीच्या उंबऱ्यावर अडखळली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट चालली नाही. आठ महिन्यांत गेली. लोक म्हणाले, "वयोमानाने गेली."

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एक जण दगावतो. वाचलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. हे वयोमान नाही. याला कारण आहे आणि त्यातला काही भाग टाळता येतो.

आजीची गोष्ट सांगायचं कारण, 'कॅल्शियम खा म्हणजे झालं' हा समज. पाळी गेली की इस्ट्रोजेन घसरतं. हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. इस्ट्रोजेन घसरल्यावर मोडण्याचा वेग बांधण्याच्या पुढे जातो. पहिल्या काही वर्षांत हाड सर्वांत झपाट्याने जातं. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधी. आईची तर त्रेचाळीसाव्या वर्षीच गेली. नाचणीची भाकरी उत्तम आहे, जरूर खा. पण सिमेंट आणून ठेवलं म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो.

अमेरिकेत 'व्हायटल' नावाचा मोठा प्रयोग झाला. २५ हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना रोज ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन पाच वर्षं पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: कमतरता तपासून न निवडलेल्या, सर्वसाधारण निरोगी प्रौढांमध्ये ड जीवनसत्त्वाने फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. ज्यांना खरी कमतरता आहे किंवा ज्यांना हाडांचं औषध चालू आहे, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते द्यावंच लागतं. पण क्लब हाऊसमध्ये सरसकट विकलेला डबा कुणाचा खुबा वाचवेल याला आधार नाही.

लोकलमधली दोन मिनिटं

कॅम्पच्या पुढच्या आठवड्यात विरार लोकलमध्ये, नशिबाने मिळालेल्या चौथ्या सीटवर बसून मी फोनवर फ्रॅक्स उघडलं. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं हे गणित २००८ पासून फुकट उपलब्ध आहे आणि त्यात भारताचा पर्याय आहे. वय, वजन, उंची, आधी फ्रॅक्चर झालंय का, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, दारू, दीर्घकाळ स्टिरॉइड, संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, लवकर गेलेली पाळी यांसारखी कारणं. दहा-बारा प्रश्न. पुढच्या दहा वर्षांत फ्रॅक्चरची शक्यता किती टक्के, हे उत्तर येतं. डेक्साचा आकडा असला तर घालायचा, नसला तरी चालतं.

मी आईची उत्तरं भरत गेले. आधी फ्रॅक्चर: हो. आईचा खुबा: हो. पाळी पंचेचाळीसच्या आत गेली: हो. दहिसरची खाडी यायच्या आत मला कळलं, की हिरवी चिठ्ठी फाडून टाकायला हवी.

बोरिवलीला जाऊन डेक्सा केली. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७.

चार वर्षं. मनगट मोडल्यापासून त्या आकड्यापर्यंत चार वर्षं गेली. त्यात आई असंख्य वेळा विरारच्या पुलावर गर्दीत चढली-उतरली, पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यातून खड्डा चाचपत चालली. या काळात तिला मिळालेलं एकमेव 'स्क्रीनिंग' तिला नॉर्मल म्हणत होतं.

उपचार काय, तर आठवड्यातून एक गोळी. ॲलेंड्रोनेट. जुनं, जेनेरिक औषध. चार गोळ्यांची स्ट्रिप त्या कॅल्शियमच्या पॅकपेक्षा स्वस्त पडते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मणक्याचं फ्रॅक्चर आधीच झालेल्या बायकांमध्ये या औषधाने खुब्याच्या फ्रॅक्चरची जोखीम जवळपास निम्म्यावर आणली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आईलाही दिलंय, पण औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. या औषधाचे दुष्परिणामही आहेत. अन्ननलिकेला त्रास होऊ शकतो. क्वचित जबड्याचं हाड खराब होतं किंवा मांडीचं हाड विचित्र जागी मोडतं. म्हणूनच ते टाचेचा आकडा बघून कुणी लिहून देऊ नये आणि ज्यांना खरंच हवं त्यांना मिळाल्याशिवाय राहू नये. आपल्याकडे या दोन्हींच्या उलट चाललंय.

"काहीच नसण्यापेक्षा कॅम्प बरा ना?"

सोसायटीच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा पहिलं उत्तर हेच आलं. "मॅडम, तेवढीच जागृती."

नाही. चुकीच्या माणसाला 'तू ठीक आहेस' सांगणं हे काहीच नसण्यापेक्षा वाईट आहे. आई आधी निदान कंबर दुखली तर डॉक्टरकडे जायचं म्हणत होती. हिरवी चिठ्ठी आल्यावर म्हणाली, "आता कशाला? तपासणी झालीये."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सर्व्हरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवताना आम्ही आधी विचारतो, अलर्ट आल्यावर कोण उठणार? कुणीच उठणार नसेल, तर अलर्ट लावून उपयोग नाही. आणि शंभरातले सोळा अलर्ट खोटे असतील, तर सोळा दिवसांत लोक फोन सायलेंटवर टाकतात. कॅम्पमध्ये पिवळी-लाल चिठ्ठी मिळालेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणाच्याही वहीत नाही. वहीत फोन नंबर होते. सवलतीचे मेसेज अजून येतात.

दुसरं उत्तर आलं, "मग काय सगळ्यांना डेक्सा करायला सांगायची? दोन-तीन हजार कुठून आणायचे?" हा प्रश्न योग्य आहे. सगळ्यांना करायचीच नाही. ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ बायकांवर 'स्कूप' नावाचा प्रयोग झाला, निकाल २०१८ मध्ये आला. निम्म्यांना आधी प्रश्नावली. त्यातून ज्यांची जोखीम जास्त दिसली, फक्त त्यांनाच डेक्सा आणि गरज असेल त्यांना उपचार. पाच वर्षांत सगळी फ्रॅक्चर्स धरली तर फारसा फरक पडला नाही. पण खुब्याची फ्रॅक्चर्स २८ टक्के कमी झाली. हजार बायकांमागे सुमारे नऊ खुबे वाचले. जादू नाही, पण नऊ आज्या चालत राहिल्या. आणि सुरुवात मशीनने नाही, प्रश्नांनी झाली होती.

ज्यांना क्लब हाऊस नाही

आमच्याकडे निदान क्लब हाऊस होतं, डेक्साचे पैसे होते, फोनवर फ्रॅक्स भरणारी मुलगी होती. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत चार घरची भांडी घासणारी बाई ओल्या मोरीत पडते, मनगट मोडतं, प्लास्टर निघायच्या आत पुन्हा कामाला लागते. तिला कोण विचारणार?

आणि बीड. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या 'पिशव्या' काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, कित्येकी चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबतं. बीजकोश ठेवले तरी पाळीचं वय पुष्कळदा अलीकडे येतं. म्हणजे पस्तिशीतल्या बाईच्या हाडांवर पन्नाशीचं संकट, आणि डोक्यावर उसाची मोळी. चर्चा झाली ती शस्त्रक्रियांची, ती व्हायलाच हवी होती. पुढची तीस वर्षं त्या बायकांची हाडं कोण बघणार, हे फारसं कुणी बोललं नाही.

सरकारकडे रस्ता तयार आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरते. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला मधुमेह-रक्तदाब विचारतात. छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव विचारतात. साठीपुढच्यांना उभं राहताना-चालताना तोल जातो का, हेही विचारतात. पण पडून हाड मोडलंय का, हे विचारत नाहीत. २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' म्हणत राज्यभर बायकांची तपासणी झाली. म्हणजे बायकांपर्यंत पोचता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. त्या फॉर्ममध्ये तीन ओळी वाढवा: साध्या पडण्याने हाड मोडलं का? पाळी कितव्या वर्षी गेली, की पिशवी काढली? आई-वडिलांचा खुबा मोडला होता का? आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती ओझं आहे हे मला माहीत आहे. त्या ओळींचे पैसेही त्यांना द्या.

दुसरी मागणी माझ्या महापालिकेकडे. पालिकेच्या दवाखान्यात जिथे प्लास्टर घालतात, तिथे एक रजिस्टर ठेवा. पन्नाशीपुढची बाई साध्या पडण्याने हाड मोडून आली की तिचं नाव त्यात लिहा. तीन महिन्यांनी तिला फोन करा. डेक्सा पालिकेकडे नसेल, तर जिथे आहे तिथे सवलतीत पाठवायची सोय करा. करोडोंचे उड्डाणपूल जाहीर होणाऱ्या शहरात एक वही आणि एक नर्स जड जाऊ नये.

आणि तुम्ही, जे हे लोकलमध्ये किंवा रात्री पांघरुणात फोनवर वाचताय. आज आईला, आत्याला, मावशीला फोन करा. मनगट, खांदा, खुबा कधी मोडला होता का, कसा, ते विचारा. लग्नाच्या वेळची उंची आठवते का विचारा आणि आत्ताची भिंतीला टेकवून मोजा. चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगा. उत्तर 'हो' आलं तर फ्रॅक्स भरा आणि तो आकडा घेऊन डॉक्टरकडे जा. ते "वयानुसार होतं" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आमच्याकडे आता रविवार सकाळ ठरलेली आहे. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. आई तेवढ्यात झाडांना पाणी घालते आणि चहासाठी कुरकुरते. मोरीत मी रबरी मॅट टाकलीये, भिंतीला धरायला दांडा बसवलाय.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी पत्र दिलंय. पुढच्या ऑक्टोबरमध्ये कॅम्प घ्यायचा असेल, तर विक्रीचं टेबल नको आणि चिठ्ठ्या वाटण्याआधी प्रत्येकीला ते तीन प्रश्न विचारायचे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मी पुन्हा विचारणार आहे.